माहेरच्या चालीतली हाक

“टाक्याकडं पाहू नको व सूनबाई. टाका बोटाले कळते. तू वाऱ्याकडं कान ठेव.”

सासूचा हा आवाज आवडाबाईच्या कानात पहिल्यांदा पडला तेव्हा ती या मळ्यात नवीनच होती. मनगटातल्या हिरव्या चुड्याची अजून सवय व्हायची होती, आणि सुई धरली की तो चुडा उगाच वाजायचा. सासू शीड शिवायला बसली की हळू आवाजात म्हणायची,

*टाका घालते बारीक, लुगड्याच्या काठोकाठी*
*वारा बांधते पदरी, घरधन्याच्या ग साठी*

सासूला जाऊन कितीतरी हस्त बरसून गेले. पण हस्त नक्षत्र सरत आलं, आंब्याखाली लुगडी अंथरली, की तो आवाज सुईच्या नेढ्यातून निघाल्यासारखा पुन्हा कानाशी येई. आजही आला.

आज हस्ताचा शेवटचा दिवस. तलाव बांधापर्यंत भरलेला. आज त्याच्यावर माळ्यांच्या घरांचे डोंगे, लाकडाच्या अरुंद होड्या, धावणार होते. हिवाळा चढत जाईल तसं पाणी मागे हटेल, खालून काळाशार गाळ उघडा पडेल आणि त्या गाळात कांदे, वांगी, खरबुजं अशी येतील की वाशीमच्या बाजारात लोक वळून पाहतील. कोणता तुकडा कोणत्या घराने पेरायचा हे पाटील ठरवत नसे, डोंगा ठरवायचा. जो तलावातल्या नंदीच्या ओट्याला वळसा घालून पहिला काठच्या पायऱ्यांना लागेल त्याने पहिला तुकडा निवडायचा. डोंग्यात माणूस एकटा. वल्हवायचं नाही, मागचा चाटू फक्त दिशा द्यायला. शीड घरच्या बायकांच्या लुगड्यांचं. आणि घरच्या एका बाईनं बांधावर उभं राहून वारा सांगायचा, ओवीत, आपल्या घराच्या चालीत. पाण्यावरचा माणूस चाल ओळखायचा आणि शीड फिरवायचा. शीड लावायची ही विद्या आवडाबाईच्या सासऱ्याने गोदावरीकाठून आणली होती. पुढे सगळ्या काठाने ती उचलली.

आवडाबाईचा लेक चंपत बांबू सोलत बसला होता. त्याची थोरली बहीण प्रयाग पहाटेच पलीकडच्या काठावरून, आपल्या सासरहून, अंबाडीच्या दोऱ्याची जुडी घेऊन आली होती आणि आईच्या समोर सुई चालवत होती. दिल्या घरच्या लेकीचं लुगडं माहेरच्या शिडात लागत नाही. पण तिच्या हाताचे टाके लागले तर कोण नाही म्हणतं?

विहिरीकडून पुंजाजी आला. खांद्यावर दोर, पागोटं किंचित तिरपं.

“चंपत, पलीकडच्या काठची मंडळी आली वाटते.”

“अक्का आली, बा. तुमच्या म्होरंच त बसली.”

“मंग तिले म्हन, टाके लांब घालू नको.”

प्रयागने सुई थांबवली नाही. “चंपत, त्यायले म्हन, टाके मले आजीनं शिकोले. त्यायनं नाही.”

“मी काय टपालवाला हावो गा तुमच्या दोघायचा?” चंपत वैतागला. “एकमेकायपासून हातभर अंतरावर बसता, अन निरोप माह्याकडून!”

आवडाबाईला हसू आलं, ते तिने पदरात पुसलं. बाप-लेकीचं हे असं लेकीच्या लग्नानंतरच्या पहिल्या हस्तापासून चाललं होतं. आता तिला तिची खातीपिती लेकरं होती, पण दोघांपैकी कुणी एक शब्द मागे घेतला नव्हता.

पुंजाजी उकिडवा बसला. अंथरलेल्या लुगड्यांवरून त्याने पंजा फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. एका जागी बोटं थांबली. चिमटीत सूत चोळून पाहिलं.

“हे हिरवं वरच्या अंगाले घ्या. दाट हाये. वारा पेलीन.”

“बा, लाल हाये ते!” चंपत हसला. “हिरवं त तुमच्या पायाखाली हाये.”

“काठ हिरवा हाये न त्याचा,” आवडाबाई चटकन म्हणाली. “त्या काठाचं म्हनून राह्यले ते. तू बांबू सोल, कामापुरतं बोल.”

लुगड्याचा काठ पिवळा होता.

प्रयागची सुई आता मात्र थांबली. तिने आईकडे पाहिलं. आवडाबाई डोळे बारीक करून सुईत दोरा ओवत होती, आणि दोरा तर सुईत ओवलेलाच होता.

* * *

विहिरीवर दोघीच उरल्यावर प्रयागने घागर खाली ठेवली.

“कवापासून, माय?”

“काय कवापासून?”

“माय.”

आवडाबाई विहिरीत पाहत राहिली. “मांगच्या साली, याच दिवसात. ओसरीवरच्या खांबाले म्हनले, कोन हाये गा तिथी? मी म्हनलं, खांब हाये. त म्हनले, मले मालूम हाये, मी मजाक केली.” ती थांबली. “तवापासून ते लय मजाक करतेत, पोरी.”

प्रयागला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही थोडं थोडं केलं.

“भाकर मी रोज ताटात उजव्याच अंगाले ठेवतो. जोडा उंबऱ्याच्या त्याच कोपऱ्यात. चंपतले वाटते, बा आता निवांत झाला, सावकाश चालते.”

“तुवा त्यायले कधी इचारलं नाही?”

“इचारलं त ते सांगतीन. अन त्यायनं सांगतलं का मंग खरंच होईन ते.”

“अन आज डोंग्यात कोन? तेच?”

“चंपत म्हने, मी जातो. त गरजले, मी मेलो का?” आवडाबाईने लेकीचा हात धरला. “तू हाक घाल व त्यायच्यासाठी. मले त पान्यावरचं काही समजत नाही. वारा आला हे मले वाळवन उडालं का कळते. तुले त लहानपनापासून कळते.”

प्रयागला कळत होतं म्हणूनच तर सगळं झालं होतं.

लग्नानंतरच्या त्या पहिल्या हस्तात ती सासरची सून म्हणून बांधावर उभी राहिली होती. नवऱ्यासाठी वारा सांगायचा, पण सासरच्या घराची चाल तिला अजून बसली नव्हती. तोंड उघडलं आणि जी एकच चाल गळ्यात होती ती बाहेर आली, माहेरची, आजीची. तिने सांगितला तो वारा नवऱ्याच्या डोंग्यासाठी होता. ऐकला दोघांनी. पुंजाजीने आपल्या घराची चाल ऐकली आणि डोळे मिटून विश्वासाने शीड फिरवलं, तर पुढे पडीक पाणी, वाऱ्याचा श्वास नाही. तो तिथे बसून राहिला आणि जावई त्याच्या डोळ्यांदेखत पायऱ्यांना लागला. त्या संध्याकाळी पुंजाजी एवढंच म्हणाला होता: “या चालीवर मी पुन्हा डोंगा फिरोनार नाही.” आणि त्यानंतर तो लेकीशी थेट बोलला नव्हता. बांधावर त्याच्यासाठी हाक घालणारं कुणी उरलं नाही. गेली कितीतरी वर्षं तो आपल्या डोळ्यांवर डोंगा हाकत होता.

“हाक मी घालीन व माय,” ती म्हणाली. “पन ते आयकतीन का? त्यायनं माह्यापाशी मांगतलं पाह्यजे. नाही त मी डावं सांगीन, अन ते जिद्दीनं उजवं घेतीन. तलावात बाभळीचे खुंट हायेत.”

आवडाबाईने घागर उचलली. “मांगनं त्यायले कोनी शिकोलंच नाही, बाई.”

* * *

पायऱ्यांपाशी प्रयागचा नवरा बबनराव आपल्या डोंग्याच्या फटीत डांबर भरत होता. प्रयागने त्याला बाजूला नेऊन सगळं सांगितलं. त्याचे हात काळेच राहिले आणि तोंड उघडं राहिलं.

“मंग सोपं हाये,” तो म्हणाला. “मी मांगं राह्यतो. बुढा पह्यला येईन, गाळ घेईन, घरी जाईन.”

“खबरदार! त्यायचे डोये गेले, कान नाही गेले. तुमचा डोंगा मुद्दाम मांगं राह्यला त पान्यावरून कळीन त्यायले. मंग ते जे घरात बसतीन ते उठनार नाहीत.”

“म्हंजे मी जिंकू बी, अन बुढ्याले सांभाळू बी?”

“हाव.”

“तुमच्या घरानं जवाई केला का बैल घेतला?”

“बैल एवढं बोलत नाही,” प्रयाग म्हणाली, आणि त्याच्या गालावरचं डांबर पदराने पुसायला गेली. ते आणखीच पसरलं.

* * *

शर्यत सोडायचा मान असलेल्या हरिसिंग नाईकाने हलगीवर टिपरी मारली आणि डोंगे सुटले.

पुंजाजीला ते सुटणं अंगभर कळलं. शिडाचा दोर तळहातात ताणला गेला, लाकडाखालून पाणी बोलायला लागलं. जग त्याच्यासाठी ताकाच्या निवळीसारखं झालं होतं. उजेड तेवढा उजेड, सावली तेवढी सावली, बाकी सगळं एकात एक कालवलेलं. पण पाण्यावर तो घरातल्यापेक्षा बरा होता. पाण्यावर उंबरा नाही, खांब नाही. वारा डाव्या गालावर येत होता, एकसारखा, म्हशीच्या श्वासासारखा दमदार. गालावर तो तसाच ठेवायचा. म्हणजे समोर नंदीचा ओटा. ओट्याला वळसा घालायचा, वारा उजव्या गालावर घ्यायचा, म्हणजे घर.

कुणाला कळणार होतं?

“मामाजी!” मागून जावयाचा आवाज आला. “थोडे बाजूले व्हा! तुमच्या लुगड्यानं माह्यं ऊन अडोलं!”

“लुगडं तुह्या सासूचं हाये, इज्जतीनं बोल!” पुंजाजी ओरडला. त्याला मजा वाटली. तो पुढे होता. मागे जावई, त्याच्या मागे बाकीचे.

पण जावई गप्प बसेना. हा माणूस लग्नाच्या पंगतीतसुद्धा मान खाली घालून जेवला होता, आणि आज बोलायचं थांबत नव्हता.

“काय हे बगळे, मामाजी! नंदीच्या ओट्याले पांढराच करून टाकलं, पाहा न डाव्या हाताले!”

डाव्या हाताला. पुंजाजीचा चाटू आपोआप वळला. दगडावर पाणी चुबुक चुबुक वाजत होतं, तो दगड त्याच्या डोंग्याला घासून मागे गेला. अगदी वेळेवर.

“आता सरळ घर, मामाजी! मी तुमच्या उजव्या अंगाले हावो, धक्का नका देऊ!”

पुंजाजीच्या हातातला दोर तसाच राहिला. जावई मुद्दाम बोलत होता. त्याला माहीत होतं. जावयाला माहीत म्हणजे पोरीला माहीत. पोरीला माहीत म्हणजे तिने लुगड्याच्या वेळी पाहिलं. आणि त्या हिरव्या काठाबद्दल बायको जे बोलली होती, ते त्याला झाकायला.

आधी त्याला राग आला. कान तापले. मग त्या रागाखालून दुसरंच काही वर आलं. आपल्याला वाटत होतं आपण सगळ्यांना फसवून राह्यलो. आणि हे सगळे मिळून आपल्या भोवती कुंपण घालून बसले, वेलाला घालावं तसं. त्याला जावयाला म्हणायचं होतं, बोलत राह्य गा. पण ते म्हणता आलं असतं तर आणखी काय हवं होतं?

तेवढ्यात उजव्या गालावरचा वारा गेला.

* * *

बांधावरून प्रयागने ते आधी पाहिलं. लांब जऊळक्याला उभ्या आगगाडीचा धूर आतापर्यंत उगवतीला झुकलेला होता. तो सरळ उभा राहिला. मग हळूहळू, जनावराने मान वळवावी तसा, उलटा वळला. तलाव काचेसारखा झाला. डोंग्यांची शिडं गळ्यातल्या पदरासारखी लोंबली. बबनरावाचा डोंगा तेवढा एका वाऱ्याच्या पट्ट्यात सापडला आणि पुढे निघून गेला. तो मागे वळून काहीतरी ओरडत होता, पण ते आता पुंजाजीपर्यंत पोचत नव्हतं.

अनसिंगकडून ढग उतरला. त्याच्याखाली पाणी काळं पडत, सुरकुतत येत होतं. थेट पुंजाजीच्या डोंग्याच्या मागून. आणि त्याच्या डाव्या अंगाला, पाण्याखाली, पाण्याबाहेर, बाभळीचे खुंट.

पुंजाजी अजून उजवा गाल वर करून बसला होता. दोर मुठीत घट्ट. तिकडून येणार नसलेल्या वाऱ्याची वाट पाहत.

“बा काहून फिरोत नाही शीड?” चंपत ओरडला. “एवढी कायी लाट येऊन राह्यली! दिसत नाही का त्यायले?”

चंपतने आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग बहिणीच्या, आणि त्याचं त्याला कळलं. तो एकदम लहान झाल्यासारखा दिसला.

“अक्का,” तो म्हणाला, “हाक घाल न व.”

“आयकतीन का ते?”

आवडाबाईने लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

प्रयागने तोंड उघडलं. आता सासरची चाल तिच्या गळ्यात चांगली मुरलेली होती. दरवर्षी ती त्याच चालीत नवऱ्याला वारा सांगायची. पण आज आली ती आजीची. बांधावरच्या बाकीच्या बाया आपापल्या ओव्या मध्येच थांबवून वळल्या.

*वारा मांगून ग आला, आला मांगल्या अंगानं*
*शीड सोड डोंगेकरी, नको भांडू त्याच्यासंगं*

* * *

चाल पाण्यावरून आली आणि पुंजाजीच्या छातीत जाऊन बसली. त्याच्या आईची चाल. त्या एका सालची चाल.

कुणासाठी? जावई पुढे गेला होता, हाक त्याच्यासाठी असेल तर आपण शीड सोडायचं आणि पुन्हा पडीक पाण्यात बसायचं, सगळ्या गावादेखत, दुसऱ्यांदा. त्याने आपणच घेतलेली शपथ मुठीत होती, दोर होऊन.

पण तीच ओळ परत आली, आणि यावेळी तिच्या मध्यात पोरीचा आवाज फाटला. नवऱ्याला वारा सांगताना बाईचा आवाज असा फाटत नाही.

पुंजाजीने मूठ उघडली.

दोर सुटला तो आणि वारा आला तो एकाच क्षणी. शीड आभाळात गेल्यासारखं फडफडलं, बांबू त्याच्या डोक्यावरून सपकन गेला, डोंगा भोवऱ्यासारखा फिरला. दोर अजून मुठीत असता तर उलटलाच होता. मग पाऊस. टपोरा, आडवातिडवा, सगळीकडून. पुंजाजी तळाशी बसून दोन्ही काठांना धरून राहिला. डोंगा फिरत राहिला, थांबला, पुन्हा फिरला. एक खुंट लाकडाला खरखरत गेला. दुसऱ्याला डोंगा टेकला आणि टेकूनच राहिला.

पाऊस आला तसा सरला. वाराही सरला.

बबनराव केव्हाच पायऱ्यांना लागला होता. हरिसिंगाने हलगीवर टिपरी मारली, पण ती एकदाच वाजली. पहिला आलेला माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून, डोळ्यांवर हात धरून, तलावाकडेच पाहत होता.

पुंजाजीच्या कोणत्याच गालावर आता काही नव्हतं. कुठे ओटा, कुठे बांध, कुठे घर, सगळं त्या ताकाच्या निवळीत विरून गेलं होतं. चाटू पाण्यात घालावा तर कोणत्या बाजूला? लाकूड खुंटावर कुरकुरत होतं. बांधावरून माणसं एकाच वेळी ओरडायला लागली. उजवीकडं घ्या, डावीकडं घ्या, मांगं, म्होरं. चंपत अंगरखा काढून पाण्यात उतरत होता आणि दोघांनी त्याला धरून ठेवलं होतं.

पुंजाजीने हात वर केला.

आवाज एकेक करून थांबले. शेवटी पागोळ्यांसारखे थेंब शिडातून पडत होते तेवढे ऐकू येत राहिले.

तो उभा राहिला. डोंगा डुलला, त्याने तोल सावरला. पागोटं कधीच पाण्यात गेलं होतं. ओल्या पांढऱ्या डोक्याचा म्हातारा बांधाच्या त्या टोकाकडे तोंड करून उभा होता जिथे नुसता केवडा होता, माणूस एकही नव्हता. आवडाबाईने पदर तोंडाशी धरला.

“प्रयाग!” तो केवड्याला म्हणाला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. निरोप नाही, चंपत नाही, पलीकडची मंडळी नाही.

“हाव, बा!” ती ओरडली. “मी अथी हावो! अथी!”

त्याचा चेहरा हळूहळू वळला. केवड्यावरून, वडाच्या पारंब्यांवरून, माणसांच्या गर्दीवरून सरकत सरकत तिच्यावर येऊन थांबला. थेट तिच्यावर. मग तो सगळ्या काठाला ऐकू जाईल असं, पण एकटीलाच सांगावं तसं म्हणाला,

“मले दिसत नाही व पोरी. लय दिवसापासून दिसत नाही. तू सांग न माय, मी कुठी हावो?”